पंधरा रुपये युनिट: एका मजल्याच्या लाईट बिलाचा हिशेब

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीतली ही एक दुमजली इमारत. तळमजल्यावर घरमालक राहतात, वरच्या मजल्यावर चार वन-आरके खोल्या भाड्याने दिलेल्या. तळमजल्याला महावितरणचा वेगळा मीटर आहे. वरच्या चारही खोल्यांना मिळून एकच मीटर, आणि त्याच्या पुढे मालकांनी वायरमनकडून बसवून घेतलेले, प्रत्येक खोलीचे युनिट वेगळे मोजणारे चार सबमीटर. जिन्याखाली लाकडी बोर्डावर चौघं ओळीने बसलेत, मार्करने खोली नंबर टाकलेत आणि बाजूला वहीच्या कागदाची चिठ्ठी: ‘लाईट १५ रु. युनिट. १० तारखेच्या आत देणे.’

अशी घरं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, ठाण्यात, नाशकात गल्लोगल्ली आहेत. त्यातलं हेच लिहायला घेतलं, कारण इथे महावितरणचं बिल, मालकांची रीडिंगची वही आणि भाडेकरूंचे पैसे दिल्याचे मेसेज असे तिन्ही कागद एकत्र पाहायला मिळाले. सहसा तसं होत नाही. माणसांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

पहिल्या खोलीत रात्रपाळी करणाऱ्या एक नर्स एकट्या राहतात. मे २०२४ मध्ये त्यांचे ६२ युनिट झाले आणि त्यांनी ९३० रुपये भरले. साताऱ्याला त्यांच्या बहिणीच्या घरी त्याच महिन्यात जवळपास तेवढेच युनिट पडले आणि बिल आलं पावणेसहाशेच्या आत. महावितरणचा घरगुती युनिटचा दर पुण्याला एक आणि साताऱ्याला दुसरा असा नसतो. जूनमध्ये त्यांनी मालकांना विचारलं, “काका, बहिणीला साठ युनिटला एवढेच येतात, मला नऊशे तीस कसे?”

काका म्हणाले, “अगं, तुझ्या बहिणीचं बिल मी नाही भरत. इथलं भरतो. ते बघ.” आणि त्यांनी खरोखर बिल आणून दाखवलं. ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. बिल मागितलं की ‘परवडत नसेल तर खोली सोडा’ हे उत्तर जास्त चालतं.

मे महिन्यात मुख्य मीटरवर ५२० युनिट होते. चार सबमीटरची बेरीज ४७६: नर्सबाईंचे ६२, दुसऱ्या खोलीतल्या दोन विद्यार्थ्यांचे ९५, तिसऱ्या खोलीतल्या जोडप्याचे १४८ आणि चौथ्या खोलीत दोन लहान मुलं असलेल्या कुटुंबाचे १७१. मधले ४४ युनिट कुठे गेले, ते पुढे येईलच.

आता दर. २०२४-२५ साली घरगुती ग्राहकाला पहिले १०० युनिट वीज आकार ४.७१ आणि वहन आकार १.१७ मिळून ५.८८ रुपयांना पडत. १०१ ते ३०० पर्यंत ११.४६. ३०१ ते ५०० पर्यंत १५.७२. पाचशेच्या वर १७.८१. शिवाय सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, आणि मीटरमागे दर महिन्याचा स्थिर आकार, जो मी शुल्क धरून दीडशे रुपये मानला आहे. इंधनाच्या खर्चापोटी बिलात येणारं इंधन समायोजन दर महिन्याला खालीवर होतं, ते बाजूला ठेवलं.

या दरांनी ५२० युनिटचे शुल्कासह ७,४०१ रुपये होतात. स्थिर आकार धरला की साधारण ७,५५०. मालकांनी गोळा केले ४७६ गुणिले १५, म्हणजे ७,१४०. म्हणजे पंधरा रुपये लावूनही काकांच्या खिशातून चारशे रुपये गेले होते. नर्सबाई गप्प झाल्या, आणि जूनपुरता विषय संपला.

ज्याच्यावर लुटीचा संशय तो तोट्यात, आणि तरीही चौघांपैकी प्रत्येकजण हक्काच्या बिलापेक्षा जास्त भरतोय. या प्रकरणातली खरी गाठ इथे आहे. ६२ युनिटला स्वतःच्या मीटरवर ४२३ आणि स्थिर आकार मिळून ५७३ रुपये झाले असते. विद्यार्थ्यांचे ९५ युनिट ८०० च्या आत बसले असते. त्यांनी १,४२५ भरले. जोडप्याचे १,४७० झाले असते, भरले २,२२०. कुटुंबाचे १,७७६ झाले असते, भरले २,५६५. चौघांची बेरीज केली तर वेगवेगळ्या मीटरवर ४,६१७ आणि एका मीटरवर ७,१४०. अडीच हजारांचा हा फरक काकांनी घेतला नाही. तो महावितरणच्या बिलात गेला, कारण चार छोटी बिऱ्हाडं एका मीटरवर आली की स्लॅबच्या, म्हणजे या चढत्या दरटप्प्यांच्या, लेखी ते एकच मोठं बिऱ्हाड होतं. पहिले शंभर स्वस्त युनिट चौघांत मिळून एकदाच मिळतात. प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस.

स्लॅबची कल्पना मुळात गरिबाच्या बाजूची आहे. थोडी वीज वापरणाऱ्याला स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला महाग. पण ती मीटर मोजते, चुली मोजत नाही. एसी लावून पाचशे युनिट जाळणारा बंगला आणि पंखा-फ्रिजवर पाचशे युनिट करणारी चार घरं तिला सारखीच दिसतात.

फेब्रुवारीत विषय पुन्हा उघडला

जानेवारी २०२५. थंडी, पंखे बंद, कूलर माळ्यावर. सबमीटरवर ३५, ४८, ६६ आणि ६२ मिळून २११ युनिट. मुख्य मीटरवर २४०. चिठ्ठीवर मात्र पंधराच. नर्सबाईंनी ५२५ रुपये भरले आणि पुन्हा बिल पाहायला मागितलं. या वेळी काकांनी चार दिवस लावले.

२४० युनिटचे शुल्कासह २,५४३ आणि स्थिर आकार मिळून सुमारे २,७००. युनिटला सरासरी सव्वाअकरा. गोळा झाले ३,१६५. म्हणजे जिन्यातले दिवे, मोटर सगळं भागून पावणेपाचशे रुपये वर उरले होते. उन्हाळ्यात जे काकांच्या अंगावर आलं, ते हिवाळ्यात व्याजासह वसूल झालं. वर्षाअखेर कोण फायद्यात, हे उन्हाळा किती महिने ताणला यावर ठरणार. पुण्यात कडक उन्हाळ्याचे महिने मोजकेच असतात, बाकीचे मध्यम. त्यामुळे माझ्या मते ठरावीक पंधरा रुपयांचा दर वर्षभरात मालकाकडे झुकतो. हा फायदा मात्र भाडेकरू समजतात तेवढा मोठा नसतो.

काकांनी हा दर कसा ठरवला, हेही विचारलं. एका मे महिन्यात बिलाला युनिटने भागलं, साडेचौदा आले, पंधरा केले. जास्तीत जास्त बिलाच्या महिन्यावरून दर काढायचा आणि तो बारा महिने लावायचा. यात लबाडी कमी आणि आळस जास्त होता. दर महिन्याला भागाकार कोण करणार?

तपासणीचा भाग थोडक्यात. चौथ्या खोलीतल्या दादांना सबमीटर पळतो अशी शंका होती. या मीटरच्या तोंडावर ‘३२०० इम्पल्स’ असं काहीतरी छापलेलं असतं आणि एक लाल दिवा लुकलुकतो. तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. खोलीतलं सगळं बंद करायचं, बादलीत १५०० वॉटचा हीटिंग रॉड सोडायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट दिवा मोजायचा. व्होल्टेज पूर्ण असेल तर ८० यायला हवेत. आमचे ७४ आले, म्हणजे व्होल्टेज जरा कमी होतं, मीटर पळत नव्हता. इस्त्रीवर ही तपासणी करू नये, ती मधेच स्वतःहून बंद होते. बाकीचे तीनही मीटर ठीक निघाले. दादांचा चेहरा थोडा पडला, त्यांना चोर सापडायला हवा होता.

सापडली ती मोटर. चारही खोल्यांचे मेन स्विच पाडले तरी मुख्य मीटरचा दिवा लुकलुकत होता, आणि सकाळी काकूंनी पाणी चढवायला बटण दाबलं तसा तो झपाट्याने चमकायला लागला. एक एचपीची मोटर साधारण एक किलोवॉट ओढते. उन्हाळ्यात दिवसाला तासभर चालली की महिन्याला ३० युनिट. जिन्यातले नऊ वॉटचे तीन दिवे रात्रभर, ते दहाच्या आसपास. ४४ मधले ४० इथेच सापडले, उरलेले रीडिंगच्या तारखांच्या पुढेमागेपणात. गच्चीवरच्या त्याच टाकीतून तळमजल्यालाही पाणी जातं. म्हणजे मालकांचं पाणी भाडेकरूंच्या मीटरवर चढत होतं, आणि त्यातून त्या मीटरचे शेवटचे, सगळ्यात महाग युनिट बनत होते. “मोटरीचे मी वेगळे पैसे घेतो का?” असं काका म्हणाले. मे महिन्यापुरतं ते खरं होतं.

नाणं टाकून वीज

घरमालकाने वीज पुढे विकायची तर किती भावाने, हा प्रश्न ब्रिटनमध्ये फार जुना आहे. तिथल्या भाड्याच्या एकेका खोलीत नाण्याचा मीटर असायचा, काही ठिकाणी अजून आहे. पूर्वी शिलिंग, पुढे पौंडाचं नाणं टाकायचं, तेवढ्या पैशाची वीज मिळायची, पैसे संपले की अंधार. पेटीची किल्ली मालकाकडे. एका नाण्याला किती युनिट, हेही मीटरमध्ये मालकच लावून ठेवणार. २०१७ मध्ये बाराकोनी पौंड आला आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जुना गोल पौंड बाद झाला. तेव्हा जुनी नाणी घेणाऱ्या मीटरना हात लावावा लागला. दर मात्र नाण्याबरोबर आपोआप बदलत नाही, तो मालकाने बदलला तरच बदलतो.

१ जानेवारी २००३ पासून तिथल्या ऊर्जा नियामकाचा, ऑफजेमचा, नियम आहे: घरगुती वापरासाठी वीज पुढे देताना मालकाने स्वतः मोजली त्याहून जास्त किंमत युनिटला घ्यायची नाही. स्थिर आकाराची वाटणी करता येते, त्यावर नफा काढता येत नाही. जास्त घेतलेले पैसे भाडेकरू न्यायालयातून परत मागू शकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे घरगुती विजेचा सरासरी दर ३४ पेन्सला गेला होता, जुलै २०२४ मध्ये तो २२ पेन्सच्या थोडा वर आला. दर चढताना मालकाने मीटरमधला भाव लगेच वाढवला आणि उतरताना कमी करायला विसरला, तर नफा गुपचूप सुरू राहतो. लेस्टर, कोव्हेंट्रीला शिकायला गेलेल्या मराठी पोरांनी खोलीत नाण्याचा किंवा कार्डाचा मीटर दिसला, तर मालकाकडे त्याचं बिल मागायला संकोच करू नये.

हा नियम सिंहगड रस्त्यावर आणून ठेवला तर? जानेवारीत काका स्पष्ट दोषी ठरतात, मे महिन्यात जवळजवळ निर्दोष. नर्सबाईंचे मे महिन्याचे ९३० चे होतात ९००. ब्रिटनचा नियम तिथे चालतो, कारण तिथे सहसा युनिटचा भाव पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकच असतो. खरेदीचा भाव म्हटलं की एक आकडा सांगता येतो. आपल्याकडे खरेदीचा भाव किती विचारलं तर प्रतिप्रश्न येतो: कितव्या युनिटचा?

वाटणीवरून वाद

फेब्रुवारीच्या एका रविवारी सगळे काकांच्या पुढच्या खोलीत बसले. पहिला तोडगा विद्यार्थ्यांनी सुचवला: दर महिन्याचं बिल भागिले एकूण युनिट, जो दर येईल तो. मोटर-जिना मालकांकडे. सोपं, आणि जानेवारीसारख्या महिन्यात सगळ्यांना फायद्याचं.

मी दुसरी पद्धत मांडली. प्रत्येकाचं बिल स्वतःच्या मीटरवर, स्थिर आकार सोडून, किती आलं असतं ते आधी काढायचं आणि त्या प्रमाणात खरं बिल वाटायचं. मे महिन्यात मोटर-जिन्याचे ६३९ रुपये मालकांकडे टाकून उरलेल्या ६,९११ ची वाटणी अशी झाली असती: ७२८, १,११५, २,२७१ आणि २,७९७. कमी वीज वापरणाऱ्याला स्लॅबचा जो हक्क, तो यात काही अंशी शाबूत राहतो. कागदावर मला ही सगळ्यात न्याय्य वाटते, अजूनही.

चौथ्या खोलीतल्या वहिनी ताडकन म्हणाल्या, “म्हणजे आमचे अडीच हजारांचे अठ्ठावीसशे? आम्ही काय एसी लावलाय? घरात दोन पोरं आहेत, कूलर तर लागणारच.” त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या डोक्यावर जो महाग स्लॅब बसला होता, तो त्यांच्या वापराने आलाच नव्हता. १७१ युनिटला तीनशेच्या वरचा दर लागतच नाही. एका मीटरवर वाटणीची कुठलीही पद्धत घ्या, वरचे दोन-अडीच हजार कुणाच्या तरी पानात वाढावेच लागतात. भांडण फक्त पान कुणाचं, यावर होतं.

म्हणून गाडी मीटर वेगळे करण्यावर आली. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही वीजजोडणी मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की घरमालकाचं ना-हरकत पत्र नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच पाहायचं. दिल्लीने २०१९ मध्ये भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची वेगळी योजनाच काढली. इथे प्रत्यक्षात मालकाच्या मनाविरुद्ध मीटर घेणं अवघड, कारण वायरिंग त्याच्या भिंतीतून जायचं असतं आणि अकरा महिन्यांनी करार त्यानेच वाढवायचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मालकाला पाणी, वीज, जिन्यातले दिवेसुद्धा तोडू देत नाही. पण ते भाडेकरूसाठी आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या हिशेबात परवानाधारक असतो. त्यामुळे कायद्याचा धाक दाखवून फार पुढे जाता येत नाही.

काकांची भीती दोन गोष्टींची होती. भाडेकरू थकबाकी ठेवून गेला तर ती जागेच्या मागे लागते. आणि भाडेकरूच्या नावाचं लाईट बिल हा ताब्याचा कागद होतो, उद्या ‘आम्ही इथलेच’ म्हणाला तर? दुसरी भीती जास्त खोल होती. जुन्या पुण्यातल्या वाड्यांमध्ये भाडेकरू कसे कायमचे बसले ते त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. ती भीती हसण्यावारी नेली असती तर बैठक तिथेच संपली असती.

शेवटी तिसऱ्या आणि चौथ्या खोलीला स्वतंत्र मीटर घ्यायचे ठरले. दोन्ही बिऱ्हाडांचे करार नोंदणीकृत होते, खोल्यांना वेगळा ओटा होता, वायरिंग सुटं करता येत होतं. तपासणीला येणारा माणूस नेमकं हेच पाहतो, कारण स्लॅब चुकवायला एकाच घराचे दोन मीटर करणारेही असतात. जोडणी, केबल आणि बोर्डाचा खर्च निम्मा मालकांनी, निम्मा त्या दोन बिऱ्हाडांनी दिला. करारात दोन वाक्यं वाढली: खोली सोडताना शेवटच्या बिलाची पावती दिल्याशिवाय डिपॉझिट परत मिळणार नाही, आणि वीजजोडणीवरून जागेवर कुठलाही हक्क सांगता येणार नाही. दुसऱ्या वाक्याचं कायदेशीर वजन किती, यावर वकिलांची मतं वेगळी पडतील. काकांना त्याने झोप लागली.

सगळ्यांना चक्रावून टाकणारा आकडा यातून निघाला. मे २०२४ चेच युनिट आणि तेच दर घेऊन पुन्हा गणित केलं. जुन्या मीटरवर आता दोन खोल्या, मोटर आणि जिना, मिळून २०१ युनिट. बिल सुमारे २,१७५. युनिटला पावणेअकराच्या जरा वर. नर्सबाईंचे ९३० चे झाले ६७१, आणि त्यांनी तर नवा मीटर घेतलाही नव्हता. जोडप्याचे साडेसातशे वाचले, कुटुंबाचे पावणेआठशेहून जास्त. चार मीटर करायचीसुद्धा गरज पडली नाही, दोनच नव्या मीटरनी मजल्याचं एकूण बिल साडेसात हजारांवरून ५,४२१ वर आलं. उरलेल्या दोन खोल्यांसाठी आता दर महिन्याला बिल भागिले युनिट असा हिशेब, आणि बिलाचा फोटो ग्रुपवर.

मोटरचा प्रश्न राहिलाच. ती तळमजल्याच्या मीटरवर घ्यायला काका तयार नाहीत, कारण त्यांच्या घरी एसी आहे आणि उन्हाळ्यात त्यांचा मीटर तीनशेच्या वर जातो. २०२४-२५ च्या दराने तिथे मोटरचा प्रत्येक युनिट पंधरा रुपये बहात्तर पैशांचा पडेल. त्यापेक्षा ती वरच राहू दे, तिथे तोच युनिट ११.४६ ला पडतो, आणि तिचे पैसे मी रोख देतो, असं त्यांचं म्हणणं. गणित म्हणून ते बरोबर आहे. मोटरला वेगळा सबमीटर लावायला वायरमनला सांगितलंय, तो अजून आलेला नाही.